पेटीची वाटणी

भावाच्या पंचाहत्तरीच्या बॅनरवर माझाही फोटो होता. सर्वांत खालच्या ओळीत, शुभेच्छुकांच्या गर्दीत, एक खतवाला आणि एक पेट्रोल पंपवाला यांच्या मधोमध. फोटो माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभातला होता. हार कापून नुसतं डोकं घेतलं होतं, त्यामुळे मी श्रद्धांजलीच्या जाहिरातीतून उचलून आणल्यासारखा दिसत होतो. मला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो, हे भावाला ठाऊक होतं. वरच्या अर्ध्या भागात तो स्वतः होता. डोक्याला फेटा, हात जोडलेले, आणि नावाखाली बिरुदं: सहकारमहर्षी, शिक्षणप्रेमी, दानशूर, पर्यावरणप्रेमी. शेवटचं कशावरून मिळालं याचा मी बराच विचार केला. मग आठवलं, त्यानं एका शाळेत वडाचं रोप लावलं होतं. रोप जगलं नाही, फोटो जगला.

आमचं गाव कळसाडीच्या पुढे, ऊस-कापसाच्या पट्ट्यात. वडिलांच्या घरात मधोमध भिंत घातली त्याला बरीच वर्षं झाली. घर वाटलं, पुढचं अंगण आणि शेत तसंच एकत्र राहिलं. सातबाऱ्यावर दोघांची नावं, आणि कोणी कुठे पेरायचं ते सवयीनं ठरलेलं. रस्त्याकडचा तुकडा माझा, विहिरीकडचा भावाचा. माती विहिरीकडची चांगली, हे सांगायला कोणी शेतकरी लागत नाही. मी मास्तरकीत राहिलो, त्यामुळे त्याबद्दल कधी बोललो नाही, आणि मी बोलत नाही याचीच भावाला धास्ती असावी. न बोलणाऱ्या माणसाच्या मनात काय आहे याचा हिशोब बोलणाऱ्यांना कायम जास्तीचाच लागतो.

आम्ही दोघं थेट बोलत नसू. भांडण झालं नव्हतं, बोलणं संपलं होतं. जे कळवायचं ते स्वयंपाकघरातून जाई. भावाची बायको, आमच्या भाभी, विरजण न्यायला आमच्याकडे येत, आणि जाताना वाटीतल्या विरजणाबरोबर आमचा एखादा निरोप नेत. दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी आणि उत्तर. पोस्टापेक्षा हे बरं चाले.

मधमाश्या मी निवृत्तीनंतर पाळायला घेतल्या. धडगावला मधमाशीपालनाचं शिबिर होतं, तिथे शेअर जीपमध्ये गुडघे हनुवटीला लावून घाट चढून गेलो. शिबिराचं उद्‌घाटन अर्धा दिवस चाललं. दीपप्रज्वलन झालं, प्रतिमापूजन झालं, मग पाहुण्यांनी प्रात्यक्षिकाच्या पेटीलाही हळदकुंकू वाहून तिच्या दारातच उदबत्तीचा जुडगा खोचला. प्रशिक्षक बोलायला उभा राहिला तोवर पेटीतल्या माश्या धुरानं वैतागून झाकणाखाली दाटल्या होत्या. त्यानं बिचाऱ्यानं तशाच दाखवल्या. शेवटी सगळ्यांना एक पुस्तिका मिळाली. तिच्यात एक प्रकरण होतं: ‘प्रजननप्रवृत्त वसाहतीचे नियंत्रित विभाजन’.

मी जन्मभर मराठी शिकवलं. घरी अहिराणी किंवा भिलोरी बोलणारी मुलं वर्गात यायची आणि असल्या शब्दांपुढे टोपी काढून उभी राहायची. जड शब्द म्हणजे साहेबाच्या दाराबाहेरचा शिपाई, आत काही महत्त्वाचं नसलं तरी तो अडवतोच. म्हणून घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “काय शिकनात मंग तठे?” तेव्हा मी ते प्रकरण एका वाक्यात सांगितलं. पेटीत गर्दी झाली की माश्या घर सोडतात, त्या सोडायच्या आत आपणच एका पेटीच्या दोन करायच्या. पेटीची वाटणी.

“म्हंजे भाऊबंदकी,” ती म्हणाली.

“तीच. फक्त कोर्टात जावं लागत नाही.”

तिला लगेच कळलं. मला त्या साध्या शब्दाचा अभिमान वाटला. पुढची काही वर्षं आमच्या घरात वाटणी म्हणजे माश्यांचीच. ‘आता वाटणीचे दिवस आले’, ‘यंदा वाटणी लवकर करावी लागेल’, असं आम्ही जेवताना बोलत असू. वापरून वापरून त्या शब्दाचे काटे आमच्यापुरते झिजून गेले. भिंतीपलीकडे ते होते तसेच होते, हे लक्षात राहिलं नाही.

एकेकाळी माझ्याकडे सहा पेट्या होत्या. सातेरी माशी, आपल्या डोंगरातली, लहान आणि शांत. कापसावरच्या फवारण्यांत एकेक करून पाच गेल्या. सकाळी पेटीच्या दारासमोर काळसर सडा पडलेला असे आणि वाचलेल्या माश्या मेलेल्या ओढून बाहेर टाकत असत. मी शेजारच्या शेतकऱ्यांना सांगून पाहिलं, फवारणी सूर्य कलल्यावर करा. ते म्हणत, “करसूत ना, सर,” आणि सकाळीच करत. त्यांचाही इलाज नव्हता. मजूर सकाळचे येतात. शेवटी एक पेटी उरली. ती अंगणातल्या निंबाखाली होती, गावाच्या आत, म्हणून वाचली असेल. ही गेली तर या वयात पुन्हा डोंगरात जाऊन नवी वसाहत धरून आणणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. बायकोला मी तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि तीही रोज सकाळी दात घासता घासता पेटीकडे बघून येई.

त्या फाल्गुनात पेटी भरभरून आली. रस्त्याकडच्या तुकड्यात बायकोनं बियाण्यासाठी कांदा सोडला होता, त्याचे पांढरे गेंद फुलले होते. शेवगा होता, लांब नदीकडे पळस होता. माश्या पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटींवर मावेनात, संध्याकाळी दाराबाहेर लोंबायला लागल्या. काळसर, जाड नर माश्या दिसू लागल्या. मी पेटी उघडली तर पोळ्याच्या खालच्या कडेला राणीची घरं लागली होती, भुईमुगाच्या शेंगा उलट्या टांगाव्यात तशी. याचा अर्थ एकच. आत नवी राणी वाढते आहे, आणि तिच्या घराचं तोंड बंद झालं की जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन निघून जाणार. माश्यांमध्ये म्हातारी घर सोडते आणि भरलेलं घर पोरीला ठेवते. माणसांत हे मी पाहिलेलं नाही.

राणीची घरं तोडता येतात. मी ती तोडली. पण त्यानं आठवडाभराची सवलत मिळते, त्यापुढे माश्या ऐकत नाहीत. खरा उपाय वाटणीच. जुनी राणी जुन्याच जागेवर एका रिकाम्या पेटीत ठेवायची. अंडी-पिल्लांच्या चौकटी, त्यांवरच्या तरण्या माश्या आणि एखादं राणीघर असं सगळं दुसऱ्या पेटीत घालून ती लांब नेऊन ठेवायची. बाहेर गेलेल्या माश्या परतून जुन्या जागेवर येतात. तिथे राणी आहे, पण घर रिकामं आहे. त्यांना वाटतं, आपण घर सोडून निघालो आणि नव्या घरी पोचलो. जाण्याची हौस अंगणातच फिटते. दुसरी पेटी मी रंगवून तयार ठेवली होती. तिला जागा हवी होती ती लांब, सावलीची आणि पाण्याजवळची. तशी जागा एकच, विहिरीशेजारच्या आंब्याखाली. ती भावाच्या वहिवाटीत.

भाभी विरजणाला आल्या तेव्हा मी पेटीपाशीच होतो, हातात माश्यांना धूर द्यायचं धुराडं होतं. त्या ओट्यावर बायकोशी बोलत होत्या, पाठ माझ्याकडे.

“भाभी, भाऊले सांगा,” मी तिथूनच म्हणालो, “वाटनी करनी पडी आते. आठ दिवसना आत. इहिरजवळनी जागा मले लागी.”

त्या वळल्या. “आतेच?” त्यांनी विचारलं.

“आतेच. पुढे गयं तर हातनं जाई.”

त्या वाटी घेऊन गेल्या. विरजण थोडं ओट्यावर सांडलं होतं, ते बायकोनं पुसलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. भाभी ओट्यावर बसल्या नाहीत, उभ्यानंच म्हणाल्या, “ते म्हने, कार्यक्रम व्हवू दे. मंग बठसूत. तवलोंग कशालेच हात लावू नका.”

मला नवल एवढंच वाटलं की पेटी ठेवण्यासाठी ‘बसायचं’ कशाला. पण भाऊ अनेक संस्थांवर होता, आणि अशा माणसाला बैठकीशिवाय पाणीही गोड लागत नाही. बाकी निरोप मला सरळ वाटला. अंगणात मंडप पडणार, पाहुणे येणार, तेव्हा पेटी उघडून माश्या चिडवू नकोस. त्यात चूक काही नव्हतं.

“पण त्या थांबायच्या नाहीत,” मी बायकोला म्हणालो. “माश्यांना पत्रिका गेलेली नाही.”

“तुम्हले एक डाव सांगं ना, ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “त्यासना घरनं कार्य शे. एखादा पाहुनाले चावनी तर जनमभर ऐकानं पडी. वर चौकटी ठी द्या, जागा मिळनी म्हंजे थांबतीन.”

मी पेटीवर मधाची कोठी, म्हणजे चौकटींचा वरचा मजला, चढवली. जागा वाढली की त्यांचा विचार लांबतो, कधीकधी. मग मंडपवाले आले, निंबाच्या फांद्या छाटल्या, पेटीपासून चार हातांवर लोखंडी कमान उभी केली आणि तिच्यावर भावाचा चेहरा ताणला. मी रोज लांबूनच बघत होतो. पेटीच्या दाराशी माश्यांची दाढी लोंबत होती आणि कामावर जाणाऱ्या माश्या कमी झाल्या होत्या. जायचं ठरलं की त्या काम करत नाहीत. सरकारी कचेरीत बदलीचा आदेश आल्यावर असंच दिसतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून ऊन तापलं. भावाची गूळतुला होती. मोठ्या लाकडी काट्याच्या एका पारड्यात गुळाच्या ढेपी रचल्या होत्या, दुसऱ्यात गादीवर भाऊ आधीच बसवलेला. प्रमुख पाहुणे यायचे होते. ते येईपर्यंत वक्ते बोलत होते. एकानं भावाची तुलना मधमाशीशी केली. फुलाला न दुखवता ती रस घेते आणि लोकांसाठी मध साठवते, तसे आपले अण्णा. मी शेवटच्या ओळीत बसलो होतो. मधमाशी लोकांसाठी काही साठवत नाही, ती स्वतःसाठी साठवते आणि आपण तो काढून घेतो. पण हे सांगितलं असतं तरी तुलना बिघडली असती असं नाही.

तेवढ्यात पेटीचा आवाज बदलला. ज्यानं तो ऐकला आहे त्याला सांगावं लागत नाही. सांडव्यातून पाणी सुटावं तशा माश्या दारातून बाहेर पडायला लागल्या. अंगणावर आभाळ भरून आल्यासारखं झालं. माईकवरचा माणूस थांबला. बायका पदर डोक्यावर घेऊन घराकडे पळाल्या, पुरुष आधी हसले आणि मग तेही पळाले. माश्या थोडा वेळ फिरल्या, निंबावर टेकाव्यात असं वाटलं, पण फांद्या तर छाटलेल्या. मग त्या कमानीवर उतरल्या. बॅनरची मधली घडी सैल पडून लोंबत होती, तिथे राणी बसली असणार. बघता बघता भावाच्या हनुवटीखाली हातभर लांब, तपकिरी, हलती दाढी लागली. ‘पर्यावरणप्रेमी’ हा शब्द तिच्याखाली गेला.

मी घरातून टोपली आणि पांढरं धोतर आणलं. बायको शिडी घेऊन मागे आली. घर सोडलेल्या माश्या चावत नाहीत. पोटं मधानं भरलेली असतात, राखायला घर नसतं. फांदी हलवली तर ओंजळीत पडाव्यात इतक्या त्या शांत असतात. टोपलीत घेऊन रंगवलेल्या पेटीत सोडल्या असत्या तर काम झालं असतं. उलट वाटणी आपसूक झाली होती, माझ्याशिवाय.

भाऊ पारड्यात बसलेला होता. उठता येईना, कारण समोरच्या गुळानं पारडं वर गेलेलं होतं आणि दोघांनी धरल्याशिवाय उतरणं कठीण होतं. फेटा, शाल, गळ्यात हार. मी त्याच्यापुढे गेलो आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा थेट बोललो.

“भाऊ, अर्धा तास दे. मी काढी लेस. चावत नहीत त्या.”

त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं. मग हळू आवाजात, बाजूच्यांना ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, “आजनाच दिवस सापडना तुले.”

“मी नाही सोडल्या. त्या आपण होऊन निघाल्या.”

“मी सांगं व्हतं, कार्यक्रम व्हवू दे. बठसूत म्हनं व्हतं. तेवढा दम नही निंघना तुले. वाटनी पाहिजे ना? गावना देखत तमाशा करीसन वाटनी?”

मला कळेना तो काय म्हणतो आहे. माझ्या हातात टोपली होती, डोळे कमानीकडे होते. मी म्हणालो, “हो, वाटणीच. तेवढीच करू दे मला.”

यापेक्षा वाईट उत्तर मला शोधूनही सापडलं नसतं.

भावानं त्याच्या सालदाराला, वर्षाच्या बोलीवरच्या गड्याला, खूण केली. त्याच्या खोलीत कापसाच्या फवारणीचा पंप होता, भाजीपाल्यावर मारायला औषध कालवलेलं होतं. सालदार पंप पाठीवर घेऊन आला, माझ्यापाशी थबकला. “सर, बाजूले व्हा,” तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं पुन्हा, जरा खाली बघत, “व्हा ना, सर.” बायकोनं माझा हात धरून मागे ओढलं. शिडी तिनंच उचलली.

माश्यांचा घोस आधी फुगल्यासारखा झाला, मग गळायला लागला. तुकड्यातुकड्यानं खालच्या लाल गालिच्यावर पडला. काही माश्या चालत होत्या, गोल गोल. बॅनरवरच्या भावाच्या चेहऱ्यावरून औषधाचे ओघळ उतरत होते. त्याच वेळी फाटकाशी गाड्यांचे हॉर्न वाजले. प्रमुख पाहुणे आले होते. दोघांनी खराट्यानं गालिचा झाडला, एका मुलीनं औषधाचा वास मारायला गुलाबपाणी शिंपडलं, आणि सनईची कॅसेट लागली. पाहुण्यांनी कमानीखालून येताना नाकाला रुमाल लावला आणि कौतुकानं विचारलं, “काय अत्तर आहे?”

संध्याकाळी भाभी आल्या. हातात तुलेच्या गुळाचा डबा होता. प्रसाद सगळ्या गावात वाटला होता, आम्ही गावात मोडत होतो. त्या ओट्यावर बसल्या आणि बायकोला म्हणाल्या, “भाऊजीसनी असं नही करानं व्हतं. वाटनी मांगनी व्हती तर सरळ मांगनी.”

“कसानी वाटनी?” बायको म्हणाली.

“जमीननी. इहिरजवळनी जागा पाहिजे म्हने ना. तेच मी तेसले सांगं.”

बायकोनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “भाभी, ते पेटीनी वाटनी म्हनी ऱ्हायंतात. माश्यासनी.”

“पेटीनी काय वाटनी ऱ्हास?” भाभी म्हणाल्या. खरंच विचारत होत्या. आणि मग त्यांना समजलं, कारण त्यांनी डबा खाली ठेवला आणि पदर तोंडाशी नेला.

त्यांनी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. काहीच झालं नाही. ज्यानं गावासमोर एकदा राग केला आहे, त्याला तो कारण चुकलं म्हणून परत घेता येत नाही. शिवाय शब्द एकदा दोन्ही घरांत उच्चारला गेला होता. पुतण्यांनी तो उचलला. त्यांचं म्हणणं, काकांच्या मनात आज नाही तर उद्या येईलच, मग आत्ताच होऊन जाऊ दे. मला नाही म्हणायला जागा नव्हती. वाटणी नको म्हणणाऱ्याचा डाव मोठा असतो, असं त्यांना वाटलं असतं.

पेटीत मागे राहिलेल्या थोड्या माश्या होत्या, आणि एक राणीघर, जे मी तोडलेल्यांनंतर त्यांनी पुन्हा बांधलं होतं. त्यातून नवी राणी निघाली. मी तिला एकदा पाहिलं, बारीक, घाबरट, चौकटीवरून पळत असलेली. नवी राणी एकदा बाहेर उडून नरांना भेटून येते, मगच अंडी घालते. ती उडाली असणार. परतली नाही. पाखरानं धरली असेल, निंबाच्या पानांवर उडालेलं औषध लागलं असेल, मला माहीत नाही. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, येईपर्यंत पेटीत पोळं खाणाऱ्या मेणपतंगाची जाळी झाली. बायकोनं सकाळी पेटीकडे जाणं बंद केलं. कांद्याच्या गेंदांत बी कमी भरलं, पण ते ऊन फार पडल्यानंही होतं.

मोजणी पावसाळ्याच्या आत झाली. विहिरीकडचा भाग भावाकडे राहिला, पाण्यात माझा हक्क लिहिला गेला, अंगणातही रेघ आली. मोजणीवाल्यानं निंबाच्या बुंध्याशी खुंटी ठोकायची म्हणून जुनी पेटी सरकवायला सांगितली. मी आणि भाऊ दोघंच जवळ होतो. मी पेटी उचलली. रिकाम्या पेटीला वजन नसतं. पलीकडे भिंतीला टेकून रंगवलेली दुसरी होती, तिच्यावर मी ही ठेवली.

भाऊ बघत होता. फेटा नसला की तो वडिलांसारखा दिसतो.

“मास्तर,” तो म्हणाला, “इतला शिकेल मानूस तू. दुसरा शब्द नही सापडना तुले?”

“सापडना व्हता,” मी म्हणालो. “पुस्तकमा लिखेल व्हता. मले जड वाटना.”

मोजणीवाल्यानं खुंटीवर हातोडा घातला.